गायनात सदतीस

मंगळवार, ३ सप्टेंबर
जेवणाची सुट्टी

ताई,

तुला आणि भावजींना नमस्कार. आम्ही सगळे मजेत. हे कामावर, पोरं शाळेत, माझी कंबर जागच्या जागी. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. झाली विचारपूस. आता ऐक, कारण मला अजिबात धीर धरवत नाहीये.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस का? निम्म्या वाक्यात "कळलं, पुढे" म्हणतेस, आणि पुढे काही उरतच नाही. हे मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचंय, म्हणून चक्क कागद घेऊन बसलेय. डबा उघडा पडलाय तसाच.

माझं काम तुला साधारण ठाऊक आहे. परदेशातून नवीन आलेल्या मुलांच्या गुणपत्रिका वाचायच्या आणि इथे त्यांना कितवीत, कुठल्या तुकडीत बसवायचं ते सुचवायचं. वाटतं तितकं सोपं नसतं ते. एका ठिकाणी वीसपैकी गुण देतात, पण वीस आजवर कोणाला दिलेले नसतात, चौदा पडले तरी घरात आनंदीआनंद. दुसरीकडे एक म्हणजे सगळ्यात वर, तिसरीकडे एक म्हणजे नापास. त्यासाठी आमच्याकडे एक जाडजूड वही आहे, तिला आम्ही तक्ता म्हणतो. कुठल्या शिक्षण मंडळाची काय पद्धत, ते त्यात लिहिलेलं असतं. आमच्या कार्यालयात तक्त्याचा शब्द शेवटचा.

तर गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. चौदा वर्षांची, जाड भिंगांचा चष्मा, दोन्ही खिशांत पेन्सिली. मी तिला मनातल्या मनात चष्मेवाली म्हणते. आणि ती कुठली असेल? आपल्याकडची, ताई. आपल्याच जिल्ह्यातली. इतक्या वर्षांत तिकडच्या मोठ्या शाळेतलं कोणी आलंच नव्हतं. तिच्या आईने पिशवीतून गुणपत्रिका काढली, तर तोच पिवळट कागद, तोच निळा गोल शिक्का, आणि रकान्यांच्या डोक्यावर नुसतं एकेक अक्षर. भाषांतर करणाऱ्यानेही ती अक्षरं तशीच ठेवलेली, कारण त्यालाही काही बोध झाला नसणार.

पहिल्या रकान्यात विषय, दुसऱ्यात आठवड्याचे तास, तिसऱ्यात एक आकडा. गणित १, विज्ञान २, भूगोल ३, भाषा ४. तळाला कोपऱ्यात शाईने ३१. आमचा तक्ता त्या मंडळापुढे म्हणतो, "एक ते पाच, पाच सर्वोत्तम." म्हणजे पोरगी गणितात सपशेल आडवी. आमच्या मोठ्या बाईंनी (कार्यालयाच्या प्रमुख; मनाने चांगल्या आहेत, पण कागदाबाहेर पाऊल टाकत नाहीत) तिच्या नावापुढे "सातवी, कच्चं गणित" असं पेन्सिलीने लिहूनही टाकलं. वयाप्रमाणे तिने नववीत बसायला हवं.

पण तिला व्यायामात किती होते, सांगू? २९. एक ते पाचमध्ये एकोणतीस कुठून आले? बाई म्हणाल्या, टिंब द्यायचं राहिलं असेल, २.९ असणार. मी चष्मेवालीला बाहेरच्या बाकावर घेऊन बसले आणि आपल्या भाषेत विचारलं. ती हसायलाच लागली.

"मला पळता येत नाही," ती म्हणाली. "वर्गात एकतीस जण, त्यात माझा नंबर एकोणतिसावा. माझ्या मागे दोघं होते. त्यातल्या एकाचा पाय प्लास्टरमध्ये होता."

आलं लक्षात? ते गुण नाहीतच मुळी. वर्गातला नंबर आहे. पोरगी गणितात पहिली आहे आणि आम्ही तिला कच्च्यात घालतोय. मला तर ते एकदम सुचलंच, आणि मी तशीच पळत बाईंच्या खोलीत गेले.

बाई म्हणाल्या, मुलीचं तोंडी सांगणं पुरावा होत नाही. तक्ता चुकलाय असं वाटत असेल तर ती नोंद कशावरून झाली ते शोध आणि कागदावर दाखव. तिच्या शाळेत दोन दिवस फोन लावतेय. तिकडे सुट्टी लागलीय, नुसती घंटा वाजत राहते. परवा, गुरुवारी अकराला बैठक आहे. तिथे एकदा ठरलं की वर्षभर कोणी हात लावत नाही. आणि चौदा वर्षांचं पोर सातवीत बसलं की त्याचं काय होतं, हे मी तुला काय सांगायचं.

तक्त्यातल्या नोंदीपुढे जुन्या फाइलचा क्रमांक आहे. फाइल तळघरात असणार. डबा राहू दे, मी आत्ताच जातेय.

तू अजून गातेस का गं? उगीच आठवलं.

चार वाजता. फाइल सापडली. आत्ता काही लिहीत नाही. पत्रही आज टाकत नाही.

*

गुरुवार, ५ सप्टेंबर
दुपार

ताई,

जिंकलो. आधी तेवढं सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहिताना माझा हात अडेल. चष्मेवाली नववीत, गणिताच्या वरच्या तुकडीत. सोमवारपासून. तिच्या आईने माझा हात धरला तो सोडेचना, आणि मी भर कार्यालयात लहान मुलीसारखी नाचायची तेवढी बाकी होते.

आता कसं झालं ते. टेबलाभोवती मोठ्या बाई, दोन शाळांचे मुख्याध्यापक, वरच्या वर्गांना शिकवणारे गणिताचे सर, आणि कोपऱ्यात मी. मी दोन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. एक चष्मेवालीची. दुसरी तळघरातली, एकतीस वर्षांपूर्वीची, जिच्यावरून तक्त्यातली ती नोंद झाली होती. गणित १, विज्ञान १, भाषा ३, तळाला कोपऱ्यात ४०. आणि गायन ३७. तीन आणि सातच्या मध्ये इथल्या कारकुनाने लाल पेनने टिंब दिलेलं.

ती फाइल तुझी आहे, ताई.

सगळ्या विषयांत तुझा गायनाचाच आकडा मोठा. म्हणून तुला दुपारच्या खास गायनाच्या वर्गात घातलं होतं त्यांनी. आठवतंय? घरात कोणालाच उलगडा होईना. बाबा हसून हसून बेजार. तू म्हणायचीस की इथल्या लोकांचे कानच निराळे असतील. सगळं तिथेच लिहिलेलं होतं, आणि आपण नुसते हसत बसलो.

समासात कारकुनाने लिहिलंय, "पद्धत विद्यार्थिनीच्या बहिणीकडून समजली. वय नऊ." त्या एका ओळीवर आमचा तक्ता एकतीस वर्षं उभा होता. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, ही बहीण आता कुठे सापडायची?

"मीच ती," मी म्हणाले. "मला काहीही माहीत नव्हतं. मी ठोकून दिलं होतं."

माझे कान इतके तापले की काय सांगू. पण गणिताच्या सरांनी लगेच चष्मेवालीला आत बोलावलं आणि फळ्यावर एक उदाहरण घातलं. तिने ते दोन रीतींनी सोडवलं, आणि वर मला आपल्या भाषेत हळूच सांगितलं की सरांच्या आकृतीत एक कोन चुकलाय. मी ते भाषांतर करून सांगितलं, अक्षर न अक्षर. सरांनी फळा पुसला आणि म्हणाले, ही माझ्या वर्गात येईल. बाईंनी स्वतःच्या हाताने तक्त्यातली ओळ खोडली.

इथपर्यंतचं मी आज घरी सगळ्यांना सांगणार आहे. पुढचं फक्त तुला.

तो दिवस तुला आठवतच असेल. आपल्याला इथे येऊन चार महिने झाले होते. गल्लीतल्या मुलांत खेळून मी इथली भाषा उचलली होती, तुम्हा तिघांना अजून चार वाक्यं येत नव्हती. तू खुर्चीच्या कडेवर बसली होतीस, दोन्ही हात मांडीवर. बाबांनी मला पुढे केलं आणि म्हणाले, आमचा पोपट सगळं सांगेल. कारकुनाने विचारलं, एक चांगलं की पाच? धाकट्यांच्या शाळेत आपल्याला नुसते शेरे मिळायचे, मला काय कळणार त्यातलं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. पाच मोठा, म्हणून मी पाच म्हणाले. तू मला विचारलंस, काय म्हणतायत गं? मी म्हणाले, सगळं ठीक आहे म्हणतायत.

नऊ वर्षांची होतीस, तुला काय कळत होतं, असं तू म्हणशील. मलाही तिथेच थांबायला आवडलं असतं.

मंगळवारच्या पत्रात मी लिहिलंय की मला एकदम सुचलं. खोटं आहे ते. मला सुचलं नाही, मला ठाऊक होतं. मी पंधरा वर्षांची असताना आपले तिकडचे हेडमास्तर येऊन गेले, आठवतं? तू दुकानात होतीस, आई चहा टाकत होती. ते मला म्हणाले, "तुझ्या ताईचं शिक्षण कुठवर आलं? गणितात तिचा पहिला नंबर कधी चुकला नाही. तो आकडा मी स्वतः लिहायचो." तेवढ्यावरून मला सगळं लख्ख कळलं. सातवीतल्या बाकात तुझे गुडघे मावत नव्हते ते, सोळाव्या वर्षी तू शाळा सोडून फोटोंच्या फ्रेमच्या दुकानात लागलीस ते, आपल्याकडचा पहिला नंबर इथे काही कामाचा नाही असं तू म्हणायला लागलीस ते.

आणि मी त्यांना म्हणाले, ताईला शिकायची आवडच उरली नाही.

त्याच आठवड्यात मला शिष्यवृत्ती मिळाली होती. घरात सगळे म्हणत होते, मोठी कष्टाळू आणि धाकटी हुशार. मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. तू तेव्हा वीस वर्षांची होतीस. एका वाक्याचं काम होतं, तू पुन्हा शिकू शकली असतीस. ते वाक्य मी पंचवीस वर्षं गिळून बसले. आता तुझं स्वतःचं दुकान आहे, भावजी मोजपट्टी शोधेपर्यंत तू कोपरा कापून मोकळी होतेस, आणि लोकांना सांगतेस की माझं गणित कच्चं आहे. प्रत्येक वेळी मी तिथे बसलेली असते, आणि प्रत्येक वेळी मी हसते.

आज चष्मेवालीसाठी तोंड उघडलं तर तुझ्याबद्दलही उघडावं लागणार होतं. मंगळवारी तळघरात फाइल हातात घेऊन मी अर्धा तास खोक्यावर बसून होते. ती फाइल परत आत सरकवली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. म्हणून तर आज इतकी आनंदात आहे मी, ताई. रडतेय आणि आनंदात आहे, दोन्ही एकदम चाललंय.

बाईंनी तुझ्याही फाइलला दुरुस्तीचा कागद लावायला सांगितला आणि खाली माझी सही घेतली. नक्कल सोबत पाठवतेय. गणित, चाळीस जणांत पहिली. विज्ञान, पहिली. भाषा, तिसरी. गायन, सदतिसावी. शेवटचं मी फिरफिरून तपासलं, ते मात्र बरोबरच आहे.

दोन्ही पत्रं एकाच पाकिटात टाकते. वाचून झाली की फोन कर. मधेच तोड, ओरड, हवं ते बोल, मी ऐकून घेईन. मला माफ करशील का?

माहीत नाही. बघ, म्हणता आलं.

तुझा,
पोपट