दोनशे मीटर पाण्यात चालणारं घड्याळ

बुधवार, १६ तारीख

चि. लाडोबा यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. वहिनीची पाठदुखी थांबली का? मुलांच्या परीक्षा संपल्या असतील. थोरला आता तुझ्या खांद्याला लागला म्हणे. तू त्या वयातही रस्ता ओलांडताना माझा हात धरायचास, हे त्याला सांगून बघ. बापाचा दरारा जरा उतरेल.

बाबांच्या घड्याळाबद्दल तू दर वेळी विचारतोस. ‘चालतंय ना झकास?’ आणि मी ‘हो’ म्हणते. आज नीट सांगते.

गेल्या खेपेला तू चार दिवसांसाठी आलास, त्यातला एक अख्खा दिवस आपण घड्याळाच्या दुकानात घालवला. तू दोन महिने व्हिडिओ बघून अभ्यास करून आला होतास. काळी तबकडी, भोवती कटकट वाजत फिरणारी जाड कडी, पाणबुडे घालतात तसलं घड्याळ. ‘ताई, या किमतीत असलं ऑटोमॅटिक शोधून सापडणार नाही. सेल नको, चावी नको, दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं!’ एक तू स्वतःसाठी घेतलंस, आणि अगदी तसंच दुसरं बाबांसाठी. मला काय हवं ते विचारलं नाहीस. मी काही मागितलं नसतं, पण नको म्हणायचा मान तरी मिळाला असता.

बाबा हरखून गेले. मनगट इतकं बारीक झालंय की पट्ट्याच्या पाच कड्या काढाव्या लागल्या. व्यायाम करवून घ्यायला येते त्या बाईला, समोरच्या शिंप्याला, रक्त तपासायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना एकच पाठ: ‘माझ्या लेकाने दिलंय. दोनशे मीटर पाण्यात चालतं.’ मी त्या वेळी ओल्या फडक्याने त्यांची पाठ पुसत असायचे. तेवढंच पाणी त्या घड्याळाने पाहिलं.

तिसऱ्या दिवशी ते बंद पडलं. बाबा घाबरून म्हणाले, “मी मोडलं का गं?” मी दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने दोनदा हलवलं, काटा चालू. हे हाताच्या हालचालीवर चालतं, काढून ठेवलं की दीड-पावणेदोन दिवसांत थांबतं, असं त्याने सांगितलं. आणि आपल्या बाबांची डावी बाजू दीड वर्षापासून लुळी आहे. विसरला असशील म्हणून लिहिते. मी म्हटलं, उजव्या हातात घाला. तर नाही! “घड्याळ डाव्या हातात घालतात. आणि बंद पडतं हे त्याला सांगू नको, वाईट वाटेल त्याला.” तुझी मर्जी सांभाळण्याच्या बाबतीत तो माणूस कधी लुळा पडला नाही.

मग रोज सकाळी सात वाजता, माझ्या चहाच्या आधी हाक: “घड्याळ हलव.” औषधाची बाटली हलवतात तसं मी ते शंभर वेळा हलवायचे आणि परत त्या मेलेल्या हातात चढवायचे.

आता एक गोष्ट. दुकानदाराने हे मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तू फोनवर बोलायला बाहेर गेला होतास. तो म्हणाला, “हात हलता नसला तर हे दोन दिवसांत थांबतं. ज्यांना द्यायचं ते हिंडते-फिरते आहेत ना?” मी म्हटलं, “हो, खूप.” तुझ्या हौसेचं दोन दिवसांत काय होतं ते मला बघायचं होतं. एवढंच मनात होतं तेव्हा. पुढचं नव्हतं.

पुढचं तुझ्या पहिल्याच फोनने घडवलं. दर रविवारी संध्याकाळी पाच, ही तुझी वेळ. उंटावरून शेळ्या हाकायची वेळ, असं मी मनात म्हणायचे. त्या दिवशी मी बाबांची चादर बदलत होते. वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादमी केलेली बाई मी, माणूस न उचलता खालची चादर बदलते. ती नोकरी मी कशासाठी सोडली ते तुला माहीत आहे. घाण माझ्या हाताला लागलेली, फोन त्यांच्या कानाला मीच धरलेला, आणि बाबा तुला म्हणाले, “कसला आहे मी! इथे माझ्याकडे बघणारं कोणी नाही रे.”

तू काय म्हणालास तेही मला ऐकू आलं. ‘मी बोलतो ताईशी.’

मला तुम्हा दोघांची किळस आली. सरळच लिहिते.

पुढच्या शनिवारी मी घड्याळ नेहमीपेक्षा कमी हलवलं, रविवारी सकाळी नुसतं हलवल्यासारखं केलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला ते थांबलं. भिंतीवरचं घड्याळ बाबांच्या डोक्यामागे आहे, आणि त्या खोलीत दिवा लावला की दिवस, बंद केला की रात्र. त्यांनी विचारलं, “पाच वाजले का गं?” मी म्हटलं, “घड्याळ तुमच्या हातात आहे, बघा की.” त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून तोंडासमोर धरला. “अजून आहे वेळ,” म्हणाले. फोन मी मुका करून ओट्यावर ठेवला होता. पाचला तुझं नाव चमकलं. मी मागच्या गॅलरीत जाऊन तुला सांगितलं, बाबा झोपलेत. सातला जेवण भरवायला गेले, घड्याळ हलवून बरोबर लावलं आणि म्हटलं, “आज काही फोन आला नाही बाबा. असेल कामात.”

कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतात. माझ्या घरी नऊ रविवार राहिलं. मला ते इतकं जमलं की शनिवारी किती हलवायचं ते हाताला कळायला लागलं. चौथ्या-पाचव्या रविवारी तू वैतागलास. ‘झोपलेत की माझ्याशी बोलायचंच नाही त्यांना?’ मी गप्प राहिले. तू त्याचा अर्थ लावलास, आणि मी तो लावू दिला. बाबा इकडे हात तोंडासमोर धरून बसत. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं बघून मला बरं वाटायचं. नंतर बरं वाटणं कमी झालं, पण थांबायचं कसं ते कळेना. थांबले तर आधीचं सगळं उघडं पडणार.

या रविवारी मी खोलीत गेले तर बाबा म्हणाले, “बस इथे.” मी बसले.

“घड्याळ बंद आहे,” म्हणाले. “दर रविवारी बंद असतं. हात गेलाय माझा, डोळे नाही गेले. सेकंदाचा काटा दिसतो मला.”

मनात म्हटलं, संपलं आता.

“तो फोन करत नाही,” बाबा म्हणाले. “पाच वाजून गेले हे मला कळू नये, मी झुरू नये, म्हणून तू ते बंद पाडतेस. मला काय समजत नाही होय? पहिल्या दिवशीच समजलं. बोललो नाही, तुझी धडपड बघत होतो.” मग त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला. “मी जन्मभर चुकीच्या बाजूला तोंड करून बसलो गं. माझं खरं मूल तूच.”

मी म्हटलं, “जाऊ द्या बाबा.” तेवढंच. लक्षात घे, मी त्यात खोटं काही बोलले नाही.

पाऊण तासाने दूध पाजताना त्यांचं तोंड वाकडं झालं. दुसरा झटका. डॉक्टर घरी येऊन गेले. बोलणं गेलं ते गेलंच, म्हणाले. पण ऐकू येतंय आणि कळतंयही. कानाशी बोलत राहा. इस्पितळात हलवण्यात अर्थ नाही, शनिवारपर्यंत काढतील.

सोमवारी सकाळी मी फोनवर तुझा नंबर काढला. तू त्याच दिवशी विमानात बसला असतास, मला माहीत आहे, तेवढा वाईट तू नाहीस. रात्री पोचून त्यांच्या कानाशी म्हणाला असतास, ‘बाबा, मी दर रविवारी फोन करत होतो.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. नुसते डोळे उरलेत त्यांना, त्या डोळ्यांनी. तुला त्यांची हजार वाक्यं मिळाली रे. मला बावन्नाव्या वर्षी एक मिळालं, तेही खोटेपणावर. ते मी कुणाला परत देणार नाही. मी फोन ठेवला.

बाबा स्वच्छ आहेत. पाठीला एकही जखम नाही, कुणालाही दाखव. घड्याळ हातात आहे आणि आता रोज चालू असतं. त्यांनी तुझी वाट बघणं सोडलंय, त्यामुळे चेहरा शांत आहे. मी कानाशी बोलत असते. ते डोळ्यांनी ‘हं’ म्हणतात.

तू हे वाचशील तेव्हा मला शिव्या देशील. दे. अंत्यविधीचं मी बघून घेईन, तू नंतर येऊन भांड.

काल टपाल कचेरीत चौकशी करून आले. साध्या टपालाने तुझ्याकडे पत्र पोचायला सात दिवस लागतात. खिडकीवरची बाई भली होती. म्हणाली, “तातडीचं करा ना, परवा मिळेल त्यांना.”

मी म्हटलं, “नको, घाई नाही.”

बाबांची,
ताई