‘असेल’ म्हणालो होतो

दिनांक ९, रविवार, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठीक, तुम्हीही असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुझ्या भावजयीचा गुडघा बरा आहे, जिने मात्र ती अजून मोजूनच चढते. शाळेला सुट्टी लागली आहे. कॉम्प्युटरच्या खोलीत मी आणि पंखा, दोघंच असतो. पंखा माझ्यापेक्षा जास्त काम करतो.

तू म्हणशील, रोज फोन होतो, मग ह्याला पत्र लिहायचं काय सुचलं? फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी लगेच ‘हो, हो’ करतो. पत्रात तुला मधे बोलता येत नाही. मला ते हवं आहे.

तुझ्या जुन्या लॅपटॉपबद्दल लिहायचं आहे.

तू तो माझ्याकडे दिलास तेव्हा सुरू व्हायला पाव तास घेत होता. तू म्हणालीस, “टाकून देऊ का?” मी म्हणालो, “वेडी आहेस का? आमच्या शाळेत ह्याच्याहून म्हातारी मशीनं पळवतो मी.” भाऊजी मला ‘सर्वज्ञ’ म्हणतात ते उगाच नाही. निघताना तू दारात पुन्हा सांगितलंस, “त्यात टाइप केलेलं माझं पुस्तक तेवढं सांभाळ रे.” आणि मी म्हणालो, त्याला धक्कासुद्धा लागणार नाही.

मी काय करणार होतो ते तुला नीट सांगतो, म्हणजे पुढचंही कळेल. पेनड्राइव्हवर एक हलकी सिस्टिम असते. मशीन चालू करताना एक बटण दाबून धरायचं आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडायचा. मिनिटभरात पडदा उजळतो. आतल्या डिस्कला हातही न लावता जुनं मशीन तरुणासारखं चालतं. तसंच सुरू करून तुझं पुस्तक आधी बाहेर काढून ठेवायचं, एवढंच काम होतं.

सुरुवातीला ती सिस्टिम विचारते, नुसतं वापरून बघायचं की कायमचं बसवायचं? तुझ्यासाठी पहिलं निवडायचं होतं. पण ताई, त्या आठवड्यात मी शाळेतली बत्तीस मशीनं ओळीने तयार केली होती. प्रत्येकावर तेच. कायमचं बसवा. डिस्कवरचं सगळं पुसू का? हो. नक्की? हो. बोटांना पाठ झालं होतं. तुझा लॅपटॉप तेहतिसावा. शेजारी चित्रकलेच्या बाई उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडे तोंड करून सांगत होतो की हल्ली लोकांना जुन्या वस्तूंची कदर नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पडद्याकडे पाहिलं तेव्हा पुसण्याची हिरवी पट्टी अर्ध्यावर आली होती.

तुझं पुस्तक मी पुसलं. डिस्क आपोआप गेली नव्हती.

हे वाक्य लिहायला मला अडीच महिने लागले.

त्या संध्याकाळी तुला फोन केला तो खरं सांगायलाच. तसं अजून स्वतःला समजावतो. मी एवढंच म्हणालो, “ताई, डिस्कमधलं काही दिसत नाहीये.” तू विचारलंस, “मागे सूनबाईच्या हातून त्याच्यावर पाणी सांडलं होतं, त्यानं असेल का रे?” आणि मी म्हणालो, “असेल.”

सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं मला त्या क्षणी. तेव्हा हायसं वाटलं होतं याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते. पाणी सांडल्यानंतर महिनाभर लॅपटॉप चालत होता, हे मला माहीत होतं. त्या पोरीने ते लपवलंही नव्हतं. स्वतः पुसून, वाळवून, स्वतःच येऊन तुला सांगितलं होतं. तिने एका ग्लासभर पाण्याची कबुली दिली. मला नऊ वर्षांच्या पुस्तकाची देता आली नाही.

नऊ वर्षं एका बोटाने टाइप करत होतीस तू. तुझ्या प्रसूती वॉर्डातल्या नव्या नर्सेससाठी. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात काय करायचं, घाबरलेल्या बाईशी काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही. मला वाचून दाखवायचीस तेव्हा मी मोबाइल बघत असायचो. तेही आज लिहून टाकतो.

त्यानंतर तुमच्या घरात काय झालं ते मला कळत होतं. तू तिच्याशी सरळ बोलणं सोडलंस. “तिला सांग, दूध तापवून ठेव,” असं मुलाला सांगायचीस आणि ती दोन हातांवर उभी असायची. मी जेवायला आलो होतो त्या दिवशी तुझा चष्मा द्यायला ती पुढे झाली, तर तू म्हणालीस, “राहू दे, माझं मी घेईन.” मी मान खाली घालून जेवत होतो. पोटभर जेवलो, ताई.

परवा ती माझ्या शाळेत आली. ऑफिसातून सुटून, बसने, एकटीच. पिशवीतून पुस्तकाच्या टिपणांच्या तुझ्या जुन्या वह्या काढल्या. ज्या तू रद्दीत टाकायला सांगितल्या होत्यास त्याच. ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत बसून ती त्यातलं टाइप करते आहे. अडतीस पानं झाली आहेत. मला विचारायला आली होती, “मामा, पेनड्राइव्हवर ठेवलं तर पुन्हा जाणार नाही ना? आईंना एकदम पूर्ण झाल्यावरच द्यायचंय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच सांगून टाकलं. बत्तीस मशीनं, हिरवी पट्टी, तुझा फोन, सगळं. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं. ती खाली बघत वह्यांच्या कडा जुळवत राहिली. डोळे पुसले. मग म्हणाली, “आईंना नका सांगू. मला आता बोलणी ऐकायची सवय झालीय. त्यांना भाऊ एकच आहे.”

मी वचन दिलं नाही. गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण घरी येऊन दोन दिवस तेच वाक्य ऐकतो आहे. हे पत्र टाकलं नाही, तर तुझी सून आयुष्यभर माझ्या वाटणीचं ऐकून घेईल, आणि मी तुझ्याकडे येऊन जेवत राहीन.

डिस्क एका जाणकाराला दाखवली. आधी आणली असती तर बरंच निघालं असतं, म्हणाला. लॅपटॉप माझ्याकडेच राहिला होता आणि शाळेत मी अडीच महिने तीच डिस्क वापरत होतो, त्यामुळे एकसष्ट पानं निघाली, तीही तुटकतुटक. सोबत पाठवली आहेत. ही भरपाई नाही, हे मला कळतं.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते नंतर, कधीतरी, तुला वाटलं तर. आज फोनही करू नकोस. हे पत्र संपलं की खुर्चीतून ऊठ, स्वयंपाकघरात जा आणि तिला तिच्या नावाने हाक मार. अडीच महिन्यांत तू ते घेतलेलं नाहीस.

तुझा एकच असलेला,
भाऊ