कायम क्लॅरिनेटवाला

सोमवार, ३ जून. सकाळी ६.
आजपासून दोन संकल्प. पहाटे दोन तास रियाज. नोटेशन वाचायला शिकणे. (दुसऱ्याची घाई नाही. कागद बघून कारकून वाजवतात, कलावंत कानाने वाजवतो.)
दादाचा फोन आला होता. कंबर गेली म्हणतो, पिठाची गिरणी एकट्याने ओढवत नाही. महिनाअखेरपर्यंत कुठे कायम झालास तर ठीक, नाहीतर गुपचूप घरी ये आणि गिरणी सांभाळ. म्हटलं, कलावंताने दळण दळायचं? तर म्हणे, तुझे कलावंत काय हवा खाऊन वाजवतात?

सकाळी ११.
उठलो. रियाजाआधी जरा पाठ टेकली होती.

बुधवार, ५ जून.
गुरुजींकडे तालीम. आलापात एक सूर मी हॉटेलात वाजवतो त्या जाझसारखा खालून लोंबकळत वर नेला. गुरुजींनी तानपुरा खाली ठेवला. म्हणाले, बाळा, हा सूर आजारी आहे की तू? मग म्हणाले, आता येत जाऊ नकोस.
एका अर्थी सुटलो. माझ्यासारख्या अष्टपैलू माणसाला एका घराण्यात कोंडणं अन्यायच. माझ्या चपला त्यांनी स्वतः उचलून दाराबाहेर ठेवल्या. एवढा मान कुठल्या शिष्याला?

शनिवार, ८ जून.
हॉटेलात दुपारचा शो. बँडलीडरला आम्ही टाय म्हणतो, आंघोळीलाही काढत नसावा. त्याने सांगितलं होतं, तुझा सोलो आठ बार. म्हणजे पंधरा सेकंद. पंधरा सेकंदांत शिंकसुद्धा पुरी होत नाही. मी आलापापासून धरलं. अकरा मिनिटं. ड्रमवाला सिगारेट ओढून परत आला, तोवर मी जेमतेम ‘रे’पर्यंत पोचलो होतो. लोक उठून गेले, भारावून. टाय म्हणाला, तू माणूस आहेस की सिग्नलला थांबलेली मालगाडी? आणि काढून टाकलं.
शास्त्रीयवाले मला जाझवाला म्हणतात, जाझवाले शास्त्रीय. म्हणजे दोन्ही येतं. राहिलं फिल्म.

मंगळवार, ११ जून.
देव आहे!! फिल्म स्टुडिओत क्लॅरिनेट वाजवणारे एक काका चहाच्या टपरीवर भेटतात. त्यांचा जोडीदार नोकरी सोडून गेला. तीन दिवस रेकॉर्डिंग, नीट पार पडलं तर त्याची खुर्ची मला, कायम. काकांनी विचारलं, नोटेशन येतं ना रे? म्हटलं, झोपेत वाचतो.
लगेच दादाला फोन. सांगितलं, फिल्म स्टुडिओत कायम झालो. हे खोटं नाही, नुसतं तीन दिवस आगाऊ आहे. दादाने मागे चालू असलेली गिरणी बंद केली. मग म्हणाला, बरं झालं रे. आवाज बसलेला वाटला. आनंदाने असेल.

बुधवार, १२ जून.
चाळीस वादक, प्रत्येकापुढे कागद. काकांना आणि मला एकच ओळ. माझी युक्ती: काकांची बोटं बघायची आणि तीच आपण ठेवायची, किंचित उशिरा. कोणाला पत्ता नाही. काका एवढंच म्हणाले, तू काय प्रतिध्वनी आहेस का? कौतुक करण्याची त्यांची पद्धत.

गुरुवार, १३ जून.
फत्ते. आज पानही काकांच्या आधी उलटलं. चुकीचं होतं, पण रुबाबात उलटलं.

शुक्रवार, १४ जून. दुपारी २.
लिहवत नाही. तरी लिहितो.
क्लॅरिनेट दोन जातींच्या असतात. दुसरी दोन बोटं लांब. बोटं तीच ठेवली तरी तिच्यातून सूर अर्धी पायरी खाली निघतो. कुठली घ्यायची ते पानावर वर लिहिलेलं असतं. चहाच्या सुट्टीनंतर काकांनी लांब घेतली. मी बोटं बघत होतो, लाकूड नाही. माझ्याकडे तर एकच आहे.
पाच टेक वाया गेले. ही पानं लिहिणारा अरेंजर काचेच्या खोलीतून बाहेर आला, एकेकाला वाजवायला लावलं. माझ्यापाशी थांबला. तिसरी ओळ वाजव म्हणाला. मी काकांच्या बोटांकडे पाहिलं. काकांनी हात मांडीवर ठेवले.
कागदावर नुसत्या मुंग्या. मी मनाने वाजवलं. चांगलं वाजवलं, देवाशपथ. अरेंजर म्हणाला, गोड वाजवतोस रे. पण हे आमच्या पिक्चरमध्ये नाही.
काका दारापर्यंत आले. म्हणाले, गाढवा, विचारलं असतंस तर शिकवलं असतं. म्हटलं, संकल्प केलेलाच आहे.

रविवार, १६ जून.
टायने फोन उचलला आणि ठेवला. गुरुजींकडे गेलो. आतून तानपुरा ऐकू येत होता. बेल दाबली. तानपुरा थांबला. दार उघडलं नाही.

शनिवार, २२ जून.
खोलीवरच. वाजवलं नाही. शेजारीण विचारून गेली, बरं नाही का?

सोमवार, २४ जून. सकाळी ९.
निर्णय! घरच्यांसाठी कलेचा त्याग करणार. दादाची कंबर महत्त्वाची. गिरणी मी मोठ्या मनाने पत्करतो. बॅग भरली. दादा रडेल बहुतेक. फोन करतो.

सकाळी ९.२०.
दादाच आधी बोलला. म्हणाला, तू कायम झालास म्हणालास ना, त्याच आठवड्यात गिरणी पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला चालवायला दिली. पाच वर्षांचा करार. तुझी वाट पाहत होतो खरं तर, पण तुझ्या आड यायचं नव्हतं रे. बोल, तू कशाला केला होतास फोन?
म्हटलं, सहज.
मग आई फोनवर आली. अख्ख्या गल्लीला सांगून झालंय म्हणाली. पिक्चर कधी लागतोय, विचारलं.
म्हटलं, लवकरच.