समितीला खोली मिळाली

३ जून
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून मी पदाधिकारी! चौकातल्या सरकारी दवाखान्याने नागरिक समिती नेमली. दवाखान्यात काय असावं, काय नसावं, हे आता पेशंट आणि त्यांच्या घरच्यांनी सांगायचं. दादाला मी तिथे नेतो, म्हणून मला घेतलं. विम्याच्या नोकरीत जन्मभर बोलण्यावरच पोट भरलं. माणूस बरोबर हेरला म्हणायचा.
दादाला पॅरॅलिसिसचा झटका आला, त्यात बोलणं गेलं. कळतं सगळं, पण शब्द ओठाशी येऊन अडतो. दवाखान्यातल्या एक बाई आठवड्यातून एकदा त्याला बोलायला शिकवतात. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एवढंच बघा, ह्यांचा तास आठवड्यातून दोनदा होतो का."
हे तर चुटकीसरशी.

१० जून
पहिली मीटिंग. जागा: व्हरांडा, वजनकाट्याशेजारी. मी मुद्दा मांडायला उभा राहिलो आणि एक बाळ वजनाला आणलं. ते माझ्याहून मोठ्याने बोललं. अशात काय काम होणार? मी तिथल्या तिथे मूलभूत मागणी केली: समितीला स्वतंत्र खोली. टाळ्या! मोठ्या डॉक्टरांनी ठराव केला, पहिली सही माझी.
दादाच्या तासाचं राहून गेलं. आधी पाया, मग कळस. वहिनीला समजावलं. ती म्हणाली, "बरं."

१४ जून
दादाबरोबर तासाला. बाई चित्र दाखवतात आणि गप्प बसून राहतात. ही काय शिकवण्याची रीत? कंगव्याचं चित्र. दादा "कं... कं..." करतोय, घाम फुटलाय, बाई ढिम्म. शेवटी मीच म्हटलं, "कंगवा!" बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. आत खुर्च्या कडक आहेत, म्हणून असेल.

२४ जून
खोली मंजूर!! मोठे डॉक्टर म्हणाले, जनतेची मागणी, आम्ही कोण नाही म्हणणार? घरी येताना ताठ चाललो. दादानेही पाठ थोपटली.

१ जुलै
खोली मिळाली. बाईंची.
बाईंना शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. दोन बस बदलून जायचं, आणि दादाला बसची पायरी चढत नाही. डॉक्टरांना जाब विचारला. ते हसून म्हणाले, "रिकामी खोली कुठून आणू? ठरावावर सही तुमचीच आहे, काका."
वहिनीला सांगितलं, बाई रजेवर आहेत. तात्पुरतं. पुढच्या मीटिंगमध्ये निस्तरतो.

८ जुलै
खोली परत करण्याचा प्रस्ताव मांडला. आवाज छान लागला होता. समितीतले रिटायर्ड बस ड्रायव्हर म्हणाले, "पंखा आहे, उजेड आहे, परत कशाला?" डॉक्टर म्हणाले, लोकांनी मागून घेतलेलं परत करायचं म्हणजे लोकांचाच अपमान. मी प्रस्तावाचा कागद घडी करून खाली बसलो. कधी नव्हे ते.
घरी आलो तर बदली झाल्याचं सांगायला बाईंचा निरोपाचा फोन येऊन गेलेला. वहिनी ओरडली नाही. वाढलं आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१५ जुलै
हुकमी एक्का! दादालाच मीटिंगला नेलं. त्याला बघून दगडालाही पाझर फुटेल, हा हिशेब. टेबल धरून उभा राहिला. "प... प... पर..." मान लाल झालेली. बघवेना. म्हटलं, "पाणी हवंय त्याला." पाणी आलं. दादाने मान हलवली. "पंखा?" पंखा वाढवला. तेवढ्यात पुढचा विषय निघाला, स्कूटर कुठे लावायच्या. दादा खाली बसला.
वहिनीकडून आता कळलं. आठवडाभर आरशासमोर बसवून तिने त्याच्याकडून दोन शब्द घोटून घेतले होते: "परत द्या."
मला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं.

२२ जुलै
मीटिंगला गेलो नाही. कुणी फोनही केला नाही. स्कूटरचं ठरलं असेल.
संध्याकाळी दादाजवळ बसून राजीनाम्याचा मसुदा त्याला वाचून दाखवत होतो. त्याने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू... गप... बस."
तीन शब्द! सलग! मी उडालोच. वहिनीला हाका मारल्या, शेजाऱ्यांना सांगितलं, बाईंना फोन लावायला आत धावलो. लागला नाही. बाहेर आलो तर वहिनी दारातच उभी. म्हणाली, तुम्ही शेजाऱ्यांना ओरडून सांगत होतात तेव्हा ते अजून काहीतरी बोलायला लागले होते. तुमच्या आरडाओरड्यात गेलं.
दादासमोर जाऊन बसलो. काय म्हणायचं होतं, विचारलं. पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे बघतोय, ओठ हलतायत, आणि काही येत नाही.