बाबांच्या फोटोपुढची मेस्काल

१२ ऑक्टोबर
यकृतावर चरबी. माझ्या! डॉक्टर ब्रिसेन्यो बाईंनी विचारलं, "किती पिता?" म्हटलं, थेंबही नाही. मग घरात कुणाला यकृताचं काही? — बाबांना. यकृताच्या कर्करोगानं गेले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाल्या, रक्त देऊन जा, जनुकं तपासू.

१३ ऑक्टोबर
आईला सांगितलं. तोर्तिया भाजता भाजता म्हणाली, "तुझा बापही हेच म्हणायचा, ओती. थेंबही नाही."

ग्वादालूपेच्या मातेसमोर बाबांनी दारू सोडायची शपथ घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर त्यांच्या हातात मी फक्त गोड सोड्याची बाटली पाहिली. तरी आजार यकृताचा म्हटल्यावर अख्ख्या गावानं ठरवून टाकलं — निकानोरनं शपथ मोडली, लपून पीत होता. आईनंही तेच धरलं. दर वर्षी मृतांच्या सणाला त्यांच्या फोटोपुढे मेस्काल दारूची बाटली ठेवते आणि वर ऐकवते, "जन्मभर लपून प्यायलास, आता समोर पी." पाहुणे हसतात. मला राग येतो. मनात शंकाही येते, त्याचा जास्त राग येतो.

२४ ऑक्टोबर
अहवाल आला. यकृतात चरबी साठू देणारा जनुकातला दोष. "आपल्या लोकांत फार आहे हा," बाई म्हणाल्या. माझ्यात दुहेरी — एक बाबांकडून, एक आईकडून. आजार होईलच असं नाही. पण वजन उतरवायचं, गोड सोडा बंद.
"म्हणजे बाबा पीत नव्हते?"
"ते मी कसं सांगू? न पिताही असं होतं, एवढं नक्की. आईलाही घेऊन या."

२५ ऑक्टोबर
आई: "माझ्याकडून? मी नाताळातसुद्धा तोंडाला लावत नाही. खोट त्याच्या घराण्यात."

३० ऑक्टोबर
आली शेवटी. सणाचे झेंडू आणायला शहरात जायचंच होतं, म्हणून. सोनोग्राफी करणारी मुलगी पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, किती पिता?"
"थेंबही नाही."
मुलगी हसली. "आमच्यापासून काय लपवायचं, आजी!"
आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खरंच पीत नाही हो ती. मुलीनं हसू दाबत नुसती मान डोलावली. बसमध्ये आई घर येईपर्यंत फुलांचा भारा मांडीवर घेऊन बसली होती.

२ नोव्हेंबर
बाईंचा फोन आला. आईच्या यकृतात गाठ आहे. संध्याकाळी तिनं सणाला फोटोपुढे ठेवलेली मेस्काल उचलली आणि अंगणात ओतून दिली. मग बाबांसमोर बसली. म्हणाली, "माझंही कुणाला खरं वाटलं नाही, निकानोर."