तापवलेले वायसर

अप्पा, तुम्ही घेतलेली, मागं ठेवून गेलेली गाडी काल नांदेडच्या गॅरेजात बॉनेट वर करून उभी होती आणि मी तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. संध्याकाळी नायगावच्या पुढच्या एका गावात जयंतीच्या कार्यक्रमात मला बोलायचं होतं. तिथं न्यायला गाडी आलीही होती, पण ती दुसऱ्याची.

याची सुरुवात आपल्या लातूरच्या स्वयंपाकघरात आहे. तुम्ही सरकारी जीपवर ड्रायव्हर. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचे वायसर बसतात, इंजिनातला दाब बाहेर फुटू नये म्हणून. नवे मागवले तर यायला महिने लागत आणि साहेबाचा दौरा उद्याच असे. मग तुम्ही जुनेच घरी आणायचे. आईची शेवटची भाकरी उतरली की चिमट्यात एकेक वायसर धरून स्टोव्हवर लाल करायचे आणि पाण्यात टाकायचे. "तांबं नरम पडलं. आता नव्यासारखं बसतंय बघ," असं मला सांगायचे. आई म्हणायची, "आता जीपीलाच भाकरी करून घाला. लेकरं ऱ्हाऊ द्या उपाशी." पुढं मी हे तांबं भाषणांत किती वापरलं! आगीतून निघालेला माणूस, आणि काय काय. टाळ्या हमखास पडायच्या.

दोन महिन्यांपूर्वी आपल्या गाडीत डिझेलचा वास यायला लागला, बॉनेटखाली फसफस आवाज. मिस्त्री म्हणाला, इंजेक्टरचे सील, म्हणजे तेच वायसर, गेले. मी त्याला तुमची रीत सांगितली. तो खूशच झाला. "आमचे वस्ताद बी असंच करायचे, ताई!" आम्ही दोघांनी मोठ्या कौतुकानं जुने वायसर तापवून बसवले. काल सकाळी शहराबाहेर पडायच्या आत पुन्हा तोच आवाज आला. उघडून बघितलं तर इंजेक्टरभोवती डांबरासारखी काजळी. तीन निघाले, चौथा हलेना. मिस्त्रीनं घाम पुसला. "आपले दोघांचे बी म्हातारे जीपीच्या काळातले, ताई. या गाडीत दाब लई. रात्रभर तेलात भिजू द्या, उद्या बघू."

मी त्या गावच्या आपल्या वस्तीत फोन लावला. तिथल्या स्मशानाची वाट एका पुढाऱ्याच्या शेताच्या बांधावरून जाते. त्यानं ती नांगरून टाकली, आणि पावसाळ्यात लोकांनी एक मयत नाल्याच्या कमरेएवढ्या पाण्यातून नेली. त्यावरच मी बोलणार होते, त्याचं नाव घेऊन. वस्तीतला पोरगा म्हणाला, "ताई, फिकीर करू नका. साहेबाची गाडी येऊन राहिली तुम्हाला घ्यायला."

"कोणत्या साहेबाची?"

"त्यांचीच की. ते बी कार्यक्रमाला येऊन राहिलेत."

"अरे, मी त्यांच्याच विरोधात बोलणार हाय!"

"बोला की. पण आधी या तर."

तुम्हाला आठवतं का, कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धा जिंकून मी प्रमुख पाहुण्यांच्या गाडीतून घरी आले होते? गल्लीत सगळी पोरं गोळा झाली. तुम्ही बक्षिसाची ढाल हातातही घेतली नाही. जेवताना म्हणालात, "एसटी बंद होती का? उद्या त्या माणसाला चार शब्द सुनवायची वेळ आली तर तोंड उघडंल का तुझं?" मला तुमचा भयंकर राग आला होता. आज सांगते, माझं तोंड उघडलं. तिथं तुमचा अंदाज चुकला.

साहेबाच्या गाडीत थंडगार हवा होती, पाण्याची बाटली होती. ड्रायव्हरनं काही विचारलं नाही, कुणाचा निरोप दिला नाही. काही मागितलं असतं तर मला 'नाही' तरी म्हणता आलं असतं. विहारासमोर उतरले तेव्हा सगळी वस्ती बघत होती, मी कोणाच्या गाडीतून उतरले ते. म्हणून मी गरजेपेक्षा मोठ्यानं बोलले. त्याचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं. ज्या माणसाला मेलेल्याचंही वावडं आहे त्यानं जयंतीला हार घालायला येऊ नये, असं त्याच्या तोंडावर म्हणाले. तो पहिल्या रांगेत होता, आणि पहिली टाळी त्यानंच वाजवली. मग उठून माईक घेतला. "ताई बोलल्या ते खरं हाय. वाट मी देतो. पण ताईंनी रविवारी निलंग्याला आमच्या सभेत यावं आन् असंच बोलावं. आपल्यात टीका ऐकायची हिंमत हाय."

लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. खाली उतरले तर म्हाताऱ्या बायांनी माझे हात धरले. "जा माय निलंग्याला. वाट व्हायलीय, मोडू नको."

अप्पा, मी एवढं वाचलं, एवढी बोलत आले. शिव्या आल्या, धमक्या आल्या, प्रत्येकाला माझ्याकडं उत्तर होतं. या टाळीला नाही. निलंग्याला गेले नाही तर पुढची मयत पुन्हा पाण्यातून जाईल आणि बोट माझ्याकडं दाखवलं जाईल. गेले तर मी कितीही आग ओकली तरी ती त्याच्याच मंडपाची रोषणाई. परत येताना त्याच गाडीत मागच्या सीटवर बसून मी दोन्ही बाजूंच्या खिडक्यांकडं बघत होते. काचा वर होत्या. खाली करा म्हणायचंसुद्धा सुचलं नाही.

आज दुपारी चौथा इंजेक्टर निघाला. मिस्त्रीनं चारही वायसर नवे टाकले. आवाज गेला, वास गेला. मी स्वतः चालवत गाडी घरी आणली, आता दारात उभी आहे. निलंगाच काय, पार कर्नाटकात जाऊन येईल.

मघाशी त्याच्या माणसाचा फोन आला. "ताई, रविवारी गाडी किती वाजता पाठवू?" मी म्हणाले, सकाळी पाठवा.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते आहे. आपली गाडी नीट झालीय, हे मी त्याला सांगितलं नाही.