जमनीचा सोमवारचा नंबर

मी, धरमसिंग लालसिंग आडे, वय अठ्ठावन्न, धंदा रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, राहणार खडकी तांडा, तालुका घाटंजी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. राजीखुशीने म्हणायची पद्धत आहे म्हणून. खरे तर जीव टांगणीला लागला आहे. गुरुवारी नागपुरात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. सोमवारी तिथेच माझी बायको जमनी हिच्या गाठीवर किरणे देणे सुरू व्हायचे आहे. मी उठलो नाही, तर तिला नेणार कोण?

मुलगा अमरसिंग नेणार नाही. त्याच्या मते टेकडीवरच्या मोबाइल टॉवरच्या लहरींनीच गाठ झाली. "लहरीनंच याडीले रोग देल्ला, आन् तुमी तिले आखीन लहरीच देऊन राह्यले? मारता काय तिले?" याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. दिवाळीआधी त्याने पोरे जमवून टॉवरची वायर तोडली. मोठा पराक्रम केला! त्याच आठवड्यात दवाखान्यातून जमनीच्या नंबरासाठी फोन यायचा होता. तांड्यात एकही फोन लागेना. नंबर हुकला आणि गाठ वाढली.

कलम १. बाजारातले दुकान, अवजारांसह, मुलगी संगीता हिला. कापसाचा भाव ऐकायला लागतात म्हणून लोकांनी रेडिओ दुरुस्तीला टाकले होते. भाव पडले, तसे न्यायला कोणी फिरकले नाही. ते तिने ज्याचे त्याला फुकट पोचवावेत.

कलम २. टीव्ही, डिश आणि रिमोट अमरसिंगला. बाबा रे, रिमोटचे बटण दाबून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघ, जांभळा ठिपका दिसेल. तीही लहरच. रेडिओत गाणे येते ती लहर, चुलीपुढे हात शेकतात ती लहर, तू बैलबंडीवरून पडलास तेव्हा एक्स-रेत तुझे मोडलेले हाड दिसले तीही लहर. सगळ्या एकाच कुळातल्या, जोर मात्र वेगवेगळा. जोराची असते ती डॉक्टर मोजून, नेमकी गाठीवर सोडतात. एवढे सांगितले तर म्हणालास, "तुमाले टीव्ही समजते, मानूस नाही समजत." नसेल समजत, बुवा. पण तुझ्या हट्टापायी मी तिला मरू देणार नाही.

कलम ३. घर आणि शेत माझ्या कष्टाचे आहे. जमनी हयात असेपर्यंत दोन्ही तिच्या ताब्यात. तिची किरणे पुरी होईपर्यंत अमरसिंग आडवा आला नाही, तर पुढे अर्धे त्याचे, अर्धे संगीताचे. आडवा आला, तर सगळे संगीताचे. याला कोणी धमकी म्हणेल. धमकीच आहे.

कलम ४. नवरा गेला की दिवस होईपर्यंत बाईने तांड्याबाहेर पाऊल टाकू नये, अशी आमची रीत. तांड्याचे नाईक शंकरसिंग यांना हात जोडतो, ही रीत जमनीला लावू नका. मी गुरुवारी गेलो, तरी सोमवारी संगीताने तिला पहिल्या गाडीने नागपूरला न्यावे. रडायचे ते दवाखान्यात रडेल. माझे दिवस तिच्यावाचून झाले तरी चालतील.

ती म्हणते, "तुमी संग असान तं जाईन." रात्रंदिवस मला याच एका वाक्याची भीती वाटते.

जमने, मी नसलो तरी जा.

लिहून देणार : धरमसिंग लालसिंग आडे (सही)
आमच्यासमोर सही केली : १. शेख निजामुद्दीन, घड्याळवाले, शेजारचे दुकान (सही) २. भीमसिंग, खडकी तांडा (अंगठा)
मुक्काम घाटंजी, मंगळवार, १८ नोव्हेंबर २००८